घराचे भाव उतरायची वाट बघावी का? (पुणे, पुनावळे-वाकड)

पुनावळे_पाहुणा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही दोघंही आयटीत, ऑफिसं हिंजवडीत. वाकडला भाड्याने राहतो, भाडं २६ हजार. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. परवा मालकांचा फोन आला : मुलाचं लग्न ठरलंय, मे अखेरीस जागा रिकामी करा. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण दहा वर्षांतलं हे चौथं घर. टेम्पोवाला आता मला नावाने ओळखतो, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो.

तर गेले तीन रविवार पुनावळ्यात फ्लॅट बघतोय. तयार टू बीएचके, 'सगळं धरून ८५ लाख, फायनल'. शिवाय मुद्रांक शुल्क. आमची शिल्लक २८ लाख. ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज एकच चर्चा : थांब, हा फुगा आहे, कंपन्यांत कपात चाललीये, दोन वर्षांत भाव २० टक्के खाली येतील. घरी सासूबाई म्हणतात, जागा कधी उतरते का? २०१९ मध्येही आम्ही असेच थांबलो होतो. तेव्हा ह्याच पट्ट्यात ५२ लाखांचा फ्लॅट 'महाग' म्हणून सोडला होता. त्यामुळे आता थांबायचीही भीती वाटते आणि घ्यायचीही.

थांबावं का? अनुभव सांगा.

सोड_ना_यार
२०१९ ला थांबलात, आता घ्याल. म्हणजे भाव आता नक्की पडणार. तारीख कळवा, मी त्यानंतर घेतो.

हिशेबनीस
गंमत बाजूला. आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडतो.

८५ लाखांवर २० टक्के स्वतःचे, म्हणजे १७ लाख. कर्ज ६८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही, ते खिशातून : पुण्यात ७ टक्के म्हणजे ५.९५ लाख, वर नोंदणीचे ३० हजार. एकूण २३.२५ लाख पहिल्याच दिवशी गेले. तुमच्या २८ लाखांत बसतं, पण फर्निचर, पंखे, गिझर, वास्तुशांत धरलीत तर तळ दिसतो. तयार घर आहे आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालाय असं धरतोय, म्हणून जीएसटी नाही. बांधकाम चालू असतं तर आणखी ५ टक्के, ४.२५ लाख.

आता थांबण्याची किंमत. साडेसात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी हप्ता ५४,८०० च्या आसपास. पहिल्या वर्षी त्यातलं पाच लाखांहून थोडं जास्त नुसतं व्याज. मेंटेनन्स साडेतीन हजार धरला तर वर्षाचे ४२ हजार. तुमचे २३ लाख एफडीत राहिले असते तर दीड लाख व्याज आलं असतं, ते बुडालं. सगळे मिळून साधारण सात लाख. त्यातून वाचणारं भाडं, ३.१२ लाख, वजा करा. राहिले ३.८५ लाख. म्हणजे घराचा भाव वर्षाला साडेचार टक्क्यांनी चढला तर तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीत. त्याहून कमी चढला तर निव्वळ पैशाच्या हिशेबात भाड्याचं घर स्वस्त.

म्हणजे भाव पडायचीच वाट बघायला हवी असं नाही. तो नुसता जागच्या जागी राहिला तरी थांबणारा जिंकतो. ही गोष्ट सासूबाईंना सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

(नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट विसरा. ती जुन्या प्रणालीत.)

पुनावळे_पाहुणा
बाप रे. असा हिशेब कुणी दाखवलाच नव्हता. सेल्स ऑफिसमधला मुलगा म्हणाला, 'सर, भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.'

हिशेबनीस
मग व्याज काय गंगेत टाकलेले?

कोथरूडकरीण
हिशेबनीस, हिशेब छान आहे, पण त्यात भाडं २६ हजारच राहतं असं तुम्ही धरलंय. आमच्याकडे काय चाललंय ते सांगते. आमची ८४ सालची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. अठरा बिऱ्हाडं एकाच महिन्यात घर शोधायला बाहेर पडली, आणि प्रत्येकाला हवं याच गल्लीत! कारण शाळा इथे, डॉक्टर इथे, भाजीवाला इथे. भाडं बिल्डर देतो म्हटल्यावर कुणी घासाघीसही करेना. शेजारच्या दोन सोसायट्याही त्याच वाटेवर आहेत. आमच्या ओळखीतल्या एका भाडेकरू जोडप्याला मालकाने अकरा महिन्यांचा करार संपताच पाच हजार वाढवून मागितले. ती बिचारी वारज्याला गेली.

पुनावळ्यात रीडेव्हलपमेंट नाही हे मान्य. पण भाडं दर करारात वाढतं, हप्ता नाही वाढत.

हिशेबनीस
काकू, हप्ताही वाढतो. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अडीच टक्क्यांनी वाढला, ४ वरून साडेसहावर. तरंगत्या व्याजाची कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. बऱ्याच जणांचा हप्ता तेवढाच राहिला पण मुदत वीसाची पंचवीस-अठ्ठावीस वर्षं झाली, आणि त्यांना ते स्टेटमेंट बघेपर्यंत कळलंही नाही. २०२५ मध्ये तोच रेपो सव्वा टक्क्याने उतरला, म्हणून आज साडेसात दिसतंय.

भाड्याचा मुद्दा मात्र मान्य. दर वर्षी ८ टक्के वाढ धरली तर तीन-चार वर्षांत माझं गणित बरंच सैल होतं.

थंडीतला_पुणेकर
टोरोंटोहून लिहितोय. भाव खरंच पडताना बघितलेला माणूस म्हणून दोन शब्द.

इथे फेब्रुवारी २०२२ मध्ये भाव शिखरावर होते, टोरोंटो परिसरातल्या घराची सरासरी किंमत १३ लाख डॉलरच्या वर. आम्ही ब्रॅम्प्टनमध्ये एक सेमी (शेजारच्या घराशी एक भिंत सामायिक असलेलं घर) बघत होतो, ११.५ लाखांचं. बायकोला पसंत, मी म्हटलं थांबू. आणि माझं बरोबर आलं! दीड वर्षात त्याच रांगेतलं घर ९.३ लाखांना मिळालं. १९ टक्के उतार. मित्रमंडळीत माझी कॉलर टाइट.

फक्त मधल्या काळात बँक ऑफ कॅनडाने दर पाव टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेला होता. आधी मला २.१ ने कर्ज मिळत होतं, घेतलं तेव्हा ५.६ ने. पहिल्या घराचा हप्ता बसला असता महिना ३,९०० डॉलर. दुसऱ्याचा बसला ४,६००. घर स्वस्त झालं आणि राहणं महाग झालं. बायको अजून त्या ७०० डॉलरचा उल्लेख पाहुण्यांसमोर करते.

वीटमाती
हेच लिहायला आलो होतो, फक्त देशी आकड्यांत. समजा पुनावळ्यात भाव १० टक्के पडला. ८५ चं घर साडेशहात्तरला, कर्ज ६१.२ लाख. त्याच वेळी व्याज साडेसातवरून पावणेनऊ झालं. हप्ता ५४,१००. आज आहे ५४,८००. म्हणजे वाट बघून महिन्याला ७०० रुपये वाचले. तुमचेही सातशेच, पुणेकर, फक्त रुपयांत आणि उलट्या दिशेने.

हिशेबनीस
पण थांबा. हप्ता सारखा असला तरी दोन्ही सौदे सारखे नाहीत. व्याज पुढे उतरतं, कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं, बोनस आला की मुद्दल फेडता येतं. खरेदीखतावरचा आकडा मात्र तोच राहतो. पुणेकर, तुमच्याकडचा दर नंतर उतरला ना?

थंडीतला_पुणेकर
उतरला, सव्वादोनपर्यंत आला. आमच्याकडे साधारण पाच वर्षांनी कर्जाचं नूतनीकरण करायचं असतं, माझं २०२८ मध्ये. तेव्हा कळेल. ज्यांनी २०२१ मध्ये दीड-दोन टक्क्यांनी शिखरावर घेतलं, त्यांची पाळी आता आलीये, त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

हिशेबनीस
म्हणजे तुमचे २.२ लाख डॉलर कायमचे वाचले, जास्तीचा हप्ता पाचच वर्षांचा. वहिनींना माझ्यातर्फे नमस्कार सांगा आणि हा प्रतिसाद दाखवा.

सोड_ना_यार
दाखवू नका. मी लग्न झालेला माणूस आहे.

मुलुंडचे_आजोबा
'जागा कधी उतरते का' असं कुणाच्या सासूबाई म्हणाल्या, म्हणून लिहितो. उतरते. मी उतरताना बघितली आहे, तीही स्वतःची.

१९९५-९६ ला मुंबईत वेड लागलं होतं. नवीन आर्थिक धोरणानंतर परदेशी कंपन्या येत होत्या, नरिमन पॉइंटची ऑफिसं जगातल्या महागड्या जागांत मोजली जात. आमच्या ऑफिसात शिपाईसुद्धा बुकिंगच्या गोष्टी करायचा. मी मुलुंडला वन रूम किचन १४ लाखांना घेतलं, पंधरा टक्के व्याजाने. सौ. म्हणाली होती, घाई करू नका. ९७ पासून भाव बसायला लागला. २००२ ला आमच्याच मजल्यावरचा तसाच फ्लॅट साडेआठ लाखांना गेला. शेजारी जळगावचे, बदली झाली म्हणून विकावाच लागला त्यांना. जाताना त्यांनी मला पेढे दिले. मला तो पेढा घशाखाली उतरेना, कारण मी अजून १४ लाखांचे हप्ते भरत होतो.

माझा भाव परत वर यायला पाऊण दशक गेलं. पण मला विकायचं नव्हतं. मुलं तिथेच शिकली, मी आजही तिथेच आहे, हा मजकूरही त्याच गॅलरीतून टंकतोय. नुकसान त्यांचं झालं ज्यांना मधेच उठावं लागलं. तेव्हा पाहुणेसाहेब, भाव पडेल का हे विचारण्याआधी एवढं सांगा, सात-आठ वर्षं तुम्ही पुनावळ्यातून हलणार नाही ना?

पुनावळे_पाहुणा
आजोबा, खरं सांगू? माहीत नाही. बायकोच्या कंपनीचं बंगळूरचं अधूनमधून निघतं. पण मुलगी शाळेत अडकली की आम्हीही अडकलो.

अर्ध्या_पगारात
मी एकटी घर घेतलेली बाई, चिंचवडला, जुनं रीसेल. डिसेंबर २०२० मध्ये. तेव्हा राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट दिली होती, ३१ डिसेंबरपर्यंत. सगळे म्हणत होते कोविड आहे, भाव अजून पडतील, थांब. शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर मास्क लावून अशी गर्दी, की मी नुसतं शुल्क भरून घरी आले. शुल्क मुदतीत भरलं तर नोंदणीला चार महिने मिळत होते. नोंदणी फेब्रुवारीत केली.

भाव पडले नाहीत, चढले. पण मी हुशार होते म्हणून नाही. मला सूट चुकवायची नव्हती, एवढंच. खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली, नोकरी गेली तेव्हा. पाच महिने घरी. सहा हप्त्यांची एफडी वेगळी ठेवली होती, वडिलांच्या हट्टाने. ती नसती तर पडेल भावात विकावं लागलं असतं, मग बाजार वर असो नाहीतर खाली.

तुमच्या २८ पैकी २३ गेल्यावर उरतात पावणेपाच. त्यात हप्ते किती बसतात बघा. आणि घर वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलंत तर महिला खरेदीदाराची १ टक्का सवलत मिळते, तुमच्या किमतीवर ८५ हजार. संयुक्त नावावर पुरुष आला की ती जाते. मी घेतलं तेव्हा ही सवलत नव्हती, काही महिन्यांनी, एप्रिल २०२१ पासून आली. नशीब!

पुनावळे_पाहुणा
नावाची कल्पना आवडली. (बायकोला जरा जास्तच आवडली.) पण कर्ज दोघांच्या पगारावर, मग?

अर्ध्या_पगारात
तुम्ही सहकर्जदार. मालकी त्यांची, हप्ता तुमचा. बँकेशी आधी बोलून घ्या, काही बँका सहकर्जदार सहमालकही असावा असं म्हणतात.

सोड_ना_यार
भारतीय विवाहसंस्थेचा सारांश.

वीटमाती
मी साइटवर काम करतो, म्हणजे माझं मीठ ज्या बाजूचं आहे ती बाजू सांगून टाकतो. तरी लिहितो.

भाव पडेल आणि पेपरात बातमी येईल, याची वाट कुणी बघू नये. तयार मालाचा बिल्डर दरपत्रकावरचा दर सहसा उतरवत नाही. उतरवला तर आधीचे दीडशे ग्राहक दारात उभे राहतात, आणि ज्या बँकेने प्रोजेक्टला पैसे दिले तिला तारण कमी झाल्यासारखं वाटतं. म्हणून दर तोच, पण फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ. पार्किंग आत. मुद्रांक शुल्क आम्ही भरतो. मॉड्युलर किचन, एसी, कधी सोन्याचं नाणं. २०१४ ते २०२० पुण्यात असंच चाललं. मधे नोटाबंदी झाली, मे २०१७ ला महारेरा (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण), जुलैत जीएसटी, २०१८ ला आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कोसळल्यावर बिल्डरांचा पैसा आटला. दर कागदावर तिथल्या तिथे, आणि महागाई मात्र वर्षाला चार-पाच टक्के. म्हणजे उतारच होता तो. पाहुण्यांनी ५२ लाखांचा फ्लॅट 'महाग' म्हणून सोडला, तो उताराच्या तळाशी सोडला. उतार ओळखू येत नाही तो असा.

तेव्हा बाजार बघू नका, ती इमारत बघा. दोन कामं करा, दोन्ही फुकट.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. किती सदनिका आहेत आणि किती विकल्या गेल्या, हे बिल्डरला तिथे दर तिमाहीला भरावं लागतं. ताबा देऊन वर्ष झालं आणि तरी पंचवीस-तीस टक्के शिल्लक असेल, तर घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

दुसरं, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जाऊन त्या मिळकतीचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) काढा. प्रॉपर्टीच्या ॲपवर दिसतो तो मागितलेला भाव. इंडेक्स टूवर असतो तो दिलेला. कुठला मजला, किती चौरस मीटर, कुठल्या तारखेला, किती रुपयांना. सेल्सचा मुलगा 'फायनल' म्हणतो त्याच्या शेजारी तो कागद ठेवायचा आणि गप्प बसायचं. बोलायचं नाही. पंखा बघायचा.

फक्त रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या) खाली ओढत नेऊ नका. शुल्क रेकनरवरच भरावं लागेल, आणि फरक १० टक्क्यांहून मोठा असला तर आयकर खातं तो तुमचं उत्पन्न धरेल.

आणि एकदा मे महिन्यात जाऊन सोसायटीच्या गेटवर अर्धा तास उभे रहा. टँकर मोजा.

कोथरूडकरीण
शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. माझ्या भाच्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात मेंटेनन्सपेक्षा टँकरची वर्गणी जास्त होते.

हिशेबनीस
वीटमाती, तुमचा प्रतिसाद छापून ठेवतोय. माझ्या साडेचार टक्क्यांच्या गणितात खरेदीची किंमत हाच सगळ्यात मोठा आकडा आहे. ती ८५ ची ८० झाली तर बरोबरीची रेघही खाली येते. दोन वर्षं थांबून जे मिळेल की नाही माहीत नाही, ते कदाचित टेबलावरच मिळेल.

पुनावळे_पाहुणा
अपडेट. उशीर झाला, माफ करा, मधे ऑफिसात धावपळ होती.

महारेरावर बघितलं. आमच्या टॉवरमध्ये ११२ पैकी ३४ शिल्लक. ई-सर्चवर दोन संध्याकाळी घालवल्या, कॅप्चा पाच वेळा चुकला, पण इंडेक्स टू निघाले. आमच्याच मापाचा फ्लॅट, तीन मजले वर, दोन महिन्यांपूर्वी ७९ लाख ४० हजारांना. आम्हाला मात्र 'सर, तुमच्यासाठी म्हणून ८५'.

शनिवारी प्रिंट घेऊन गेलो. बायकोने आधी सँपल फ्लॅटच्या मास्टर बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवं होऊन दाखवलं. पावलं बाहेर! तिची उंची पाच फूट दोन. मग टेप काढली : पलंग पाच फुटांचा. आमचा पलंग त्या खोलीत ठेवला तर कपाटाचं दार अर्धंच उघडेल. तीन रविवार आम्ही त्या खोलीला 'प्रशस्त' म्हणत होतो.

मग टेबलावर इंडेक्स टू ठेवला आणि पंखा बघितला. तो मुलगा आत गेला, सरांशी बोलून आला, न विचारता नवीन कॉस्ट शीट छापून आणली. ८०.५, पार्किंगसह. त्यावर परत पंखा बघितला. ७९.

घेतला नाही. पलंगाचं मनातून जात नाही.

दरम्यान त्याच रस्त्यावर नऊ वर्षं जुन्या सोसायटीत एक रीसेल मिळालाय. खोल्या मोठ्या, मालक पुढच्या महिन्यात जर्मनीला कायमचे चाललेत. मागतायत ७४, मी ६९ म्हणून आलोय. हप्ता बायकोच्या एकटीच्या पगारात बसतो, हे आम्ही आधी बघितलं (धन्यवाद, अर्ध्या_पगारात). शिवाय सहा हप्ते बाजूला राहतात. भाव पडले तर पडोत, मुलगी दहावी होईपर्यंत आम्ही हलत नाही, असं घरात ठरलंय. आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

मुलुंडचे_आजोबा
पेढे मात्र त्या मालकांना द्यायला सांगू नका.

वीटमाती
अभिनंदनाची घाई करत नाही. भोगवटा प्रमाणपत्र पूर्ण इमारतीचं आहे की अर्धवट? कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी) सोसायटीच्या नावावर झालंय का? मालकांचं कर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्र? आणि ते बाहेर चाललेत, तर अनिवासी होण्याआधी व्यवहार झाला तर बरं. ५० लाखांच्या वरच्या खरेदीत तुम्हाला १ टक्का टीडीएस कापावा लागतो, विक्रेता अनिवासी असेल तर तो नियमच वेगळा आणि कापायची रक्कमही पुष्कळ मोठी.

पुनावळे_पाहुणा
कन्व्हेयन्स झालंय. कर्ज फिटलंय, तसा दाखला बघितला. अनिवासीचं लक्षातच आलं नव्हतं, उद्या सकाळी सीएला फोन करतो.

वीटमाती
आणि टँकर?

पुनावळे_पाहुणा
वॉचमनला विचारलं. म्हणाला, 'साहेब, मेमध्ये या.' मेमध्ये तर मला घर रिकामं करायचंय!